जुन्या गाडीच्या इंजिनातला गाळ ऑईलनेच कसा काढावा

चिपळूणच्या दमट हवेत, घर ते कार्यालय असे जेमतेम चार किलोमीटर जाऊन येणारी २००४ सालची मारुती झेन माझ्याकडे आली, तेव्हा तिचे ऑईल भरण्याचे झाकण उघडून मी सर्वांत आधी आत डोकावलो. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरी साय धरली होती आणि विजेरीच्या उजेडात दिसणारा रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) धातूचा वाटतच नव्हता. त्यावर काळपट तपकिरी थर होता, जो खरवडला की नखात अडकून बसत असे. आधीच्या मालकांनी सांगितले होते की ऑईल दर दहा हजार किलोमीटरला न चुकता बदललेले आहे, आणि ते खोटे नसावे. फक्त रोज आठ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला दहा हजार किलोमीटर पूर्ण करायला जवळपास साडेतीन वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात तेच तेल पाणी, न जळलेले पेट्रोल आणि काजळी पोटात घेत राहते, हे हिशेबातून सुटले होते.

अशा इंजिनासाठी सहसा दोन सल्ले मिळतात. ‘चालतेय तोवर हात लावू नका’ हा पहिला आणि ‘फ्लश मारून, म्हणजे तेलात गाळ सोडवणारे द्रव घालून, एका दिवसात साफ करून घ्या’ हा दुसरा. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. वर्षानुवर्षे बसलेला थर चांगल्या ऑईलने सुटतो. मात्र तो थोडा थोडा सुटला पाहिजे आणि सुटलेला प्रत्येक कण फिल्टरमध्ये किंवा काढलेल्या तेलाबरोबर बाहेर गेला पाहिजे. हे काम मी चौदा महिन्यांत कसे केले आणि कोणत्या टप्प्यावर काय पाहावे, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

घाण म्हणजे नेमके काय

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटरच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून निघून जाते, पण पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या चेंबरमध्ये उतरतोच. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर ही वाफ तेथे टिकत नाही. पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह तिला ओढून पुन्हा इंजिनाच्या श्वासनळीत सोडतो आणि ती जळून बाहेर पडते. गाडी तापण्याआधीच बंद होत असेल तर मात्र ते पाणी तेलातच राहते आणि त्याच्याबरोबर अर्धवट जळलेले पेट्रोल व आम्लेही राहतात. त्यापासून आधी साय बनते आणि पुढे काजळी व खराब झालेले तेल मिसळून लोण्याइतका घट्ट गाळ बनतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी धरून ठेवते, त्यामुळे छोट्या फेऱ्यांच्या जुन्या गाड्यांनी याबाबतीत पूर्वीपेक्षा अधिक सावध राहायला हवे.

दुसरी घाण उष्णतेची असते. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवले की कढईच्या कडेला चिकट, तांबूस पापुद्रा धरतो आणि तो साध्या धुण्याने जात नाही, हे प्रत्येक स्वयंपाकघरात पाहायला मिळते. इंजिनात पिस्टनच्या बाजूंना आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या आत तसाच लाखेसारखा थर बसतो. तेलाचे तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे ऑक्सिडीकरण साधारण दुप्पट वेगाने होते. म्हणून घाटात तापणारी किंवा रहदारीत तासन्‌तास उभी राहणारी गाडी कमी किलोमीटरमध्येही तेल खराब करून टाकते.

तिसरी घाण डोळ्यांना दिसत नाही, पण सर्वांत महागात तीच पडते. पिस्टनच्या सर्वांत खालच्या रिंगेचे काम सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा तेल खरवडणे हे असते आणि ते तेल रिंगेच्या खाचेतल्या बारीक छिद्रांतून परत चेंबरमध्ये जाते. ही छिद्रे कोळशासारख्या कडक कार्बनने बुजली की खरवडलेल्या तेलाला परतीची वाट राहत नाही. मग ते वर जाऊन जळते, जळताना आणखी कार्बन करते आणि छिद्रे आणखी बुजतात. गाडी ऑईल खाऊ लागली की ‘रिंग-पिस्टन गेले, बोअर करा’ असे लगेच सांगितले जाते. कित्येकदा रिंगा झिजलेल्या नसतात, नुसत्या अडकलेल्या असतात. म्हणून इंजिन उघडण्याआधी स्वच्छतेला काही महिने द्यावेत.

तेल साफसफाई कशी करते

इंजिन ऑईलमध्ये मूळ तेलाबरोबर अनेक रसायने असतात आणि त्यांतली दोन या कामाची आहेत. डिटर्जंट हे कॅल्शियमचे किंवा मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते आम्ले मारतात आणि तापलेल्या धातूवर थर बसू देत नाहीत. डिस्पर्संट काजळीच्या प्रत्येक कणाला वेढून तो तेलात तरंगता ठेवतात, म्हणजे कण एकमेकांना चिकटून गाळ होत नाही. साध्या ऑईल फिल्टरला साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचा कचरा अडवता येतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). काजळीचा कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असल्यामुळे तो फिल्टरमधून आरपार जातो आणि त्याला तरंगत ठेवून तेलाबरोबर बाहेर काढणे हाच एक मार्ग उरतो.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. नवे ऑईल पाचशे किलोमीटरमध्ये काळे पडले तर ते खराब निघाले असे समजू नये. जुन्या इंजिनात ते काम करत असल्याचीच ती खूण असते. डिझेल गाडीत तर तेल पहिल्याच दिवशी काळे होते. जुन्या, मळलेल्या इंजिनात हजारो किलोमीटर चालूनही मधासारखे राहणारे तेल मला जास्त संशयास्पद वाटते.

तेलाची ही ताकद संपते, हे मात्र ध्यानात ठेवावे. डिटर्जंटचा आम्ले मारण्याचा साठा ‘टीबीएन’ या आकड्याने मोजतात. पेट्रोल गाड्यांच्या नव्या तेलात तो बहुधा ६ ते १०च्या दरम्यान असतो आणि वापराबरोबर उतरत जातो. मळलेल्या इंजिनात तो लवकर उतरतो, कारण तेलाला नवी घाण सांभाळून जुनीही उचलायची असते. त्यामुळे सफाईच्या काळात सर्वांत महाग डबा आणून तो दहा हजार किलोमीटर चालवण्यापेक्षा चांगले, प्रमाणित तेल लवकर लवकर बदलणे अधिक उपयोगी पडते.

आधी तपासणी

पहिले पाऊल पाना हातात घेण्याचे नाही, पाहण्याचे आहे. इंजिन थंड असताना भरण्याचे झाकण उघडावे आणि विजेरी तिरपी धरून कॅमशाफ्ट, रॉकर आणि हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, कोपरे पाहावेत. धातूवर चहासारखा पारदर्शक तांबूस रंग असेल तर तो केवळ लाखेचा थर आहे आणि चिंतेचे कारण नाही. लाकडी काडी फिरवल्यावर तिला काळे लोणी लागत असेल तर तो गाळ आहे. तेल परत खाली जाण्याची हेडमधली छिद्रेच बुजलेली दिसत असतील, किंवा वाळलेल्या डांबरासारखे खडे सुटत असतील, तर नुसत्या ऑईल बदलावर विसंबू नये. त्या प्रसंगी काय करावे ते पुढे येईल.

झाकणाखालच्या सायीने घाबरून जाऊ नये, पण ती डिपस्टिकवरही आहे का ते पाहावे. फक्त झाकणाखाली, तीही पावसाळ्यात, असेल तर ती हवेतल्या आणि ज्वलनातल्या पाण्याची असते. डिपस्टिकवरचे तेलही दुधाळ असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी तेलात उतरत असण्याची दाट शक्यता आहे. अशा गाडीत नवे तेल ओतून उपयोग नाही; आधी गळती बंद करावी.

त्यानंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवावा. आतली गोळी खुळखुळली तर तो बहुधा चालू आहे. आवाज आला नाही तर तो चिकटला आहे आणि बदलावा. वस्तू स्वस्त असते, पण तिच्याअभावी सारी वाफ इंजिनातच कोंडते आणि दाब वाढून ऑईल सीलमधून तेल पाझरू लागते. नळीही काढून आतून पाहावी. माझ्या झेनची नळी बाहेरून ठीक दिसत होती आणि आत घट्ट चिकट्याने निम्मी भरली होती. तेलाआधी मी तीच बदलली.

शक्य असल्यास चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर आल्यावर आत तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर दोष रिंगांकडे आहे आणि सफाईने त्यात फरक पडू शकतो; तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे आहे. धूरही बरेच काही सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करताच निळा धूर सोडून लगेच थांबत असेल, तर व्हॉल्व्हची सीले कडक झालेली असतात आणि ती कोणतेही ऑईल मऊ करून पहिल्यासारखी करत नाही.

शेवटी एक वही करावी. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहायची आणि किती किलोमीटरला किती मिलिलिटर तेल वरून घालावे लागले ते लिहायचे. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते. सुरुवातीला माझी झेन हजार किलोमीटरला साधारण ६०० मिलिलिटर तेल खात होती. हा आकडा लिहून ठेवला नसता, तर पुढे काही सुधारले की नाही हे मला कळलेच नसते.

कोणते ऑईल घ्यावे

ग्रेडचा, म्हणजे १०डब्ल्यू-३० अशा आकड्यांत लिहिलेल्या तेलाच्या दाटपणाचा प्रश्न गाडीच्या पुस्तिकेवर सोडावा. त्यात तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला वाहतेपणा सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते सांगतो. २०डब्ल्यूची थंड चाचणी उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० आणि १०डब्ल्यूची उणे २५ अंशांवर. महाराष्ट्रात गारठ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या निफाडमध्येही त्याच्या जवळपास पारा जात नाही, तेव्हा जुन्या गाडीसाठी ०डब्ल्यू शोधत फिरण्याचे कारण नाही. सफाईच्या काळात मी पुस्तिकेने परवानगी दिलेल्या ग्रेडांपैकी पातळ बाजूचा ग्रेड पसंत करतो, म्हणजे १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, कारण ते बारीक वाटांत लवकर पोहोचते. तेल खाणे लपवण्यासाठी २०डब्ल्यू-५० घातल्याने खप थोडा कमी दिसतो, पण अडकलेल्या रिंगा अडकलेल्याच राहतात.

डब्यावर एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला दर्जाचा वर्ग पाहावा. एसएल २००१चा, एसएम २००४चा, एसएन २०१०चा आणि एसपी २०२०चा आहे. पेट्रोल गाड्यांसाठी नवा वर्ग सामान्यतः जुन्याची जागा घेऊ शकतो आणि पिस्टनवरचा थर व गाळ रोखण्याच्या कसोट्या नव्या वर्गात अधिक कडक झाल्या आहेत. म्हणून वीस वर्षांच्या गाडीलाही एसएन किंवा एसपी घ्यावे. प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसेडर जपणाऱ्यांनी मात्र एक फरक लक्षात ठेवावा. त्यांच्या इंजिनांतले कॅम आणि सपाट टॅपेट एकमेकांवर घासत चालतात आणि त्यांना झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग जरा जास्त लागते. नव्या वर्गांनी फॉस्फरसवर घातलेली मर्यादा पातळ ग्रेडांना लागू होते, त्यामुळे त्या गाड्यांना १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०च योग्य.

मिनरल तेलावर चाललेल्या गाडीत सिंथेटिक घातले तर ती गळू लागते, असे सर्रास सांगितले जाते. आजच्या सिंथेटिक तेलाने धडधाकट सील खराब होत नाही. मात्र एखादे सील आधीच चिरलेले असेल आणि गाळानेच ती चीर बुजवली असेल, तर गाळ निघाल्यावर पाझर दिसू लागतो. ते सील तसेही बदलायचेच होते. झेनमध्ये टॅपेट कव्हरचे गॅस्केट असेच पाझरू लागले आणि मी ते बदलून टाकले.

काही मिस्त्री पेट्रोल गाडीत ट्रकचे डिझेल ऑईल घालायला सांगतात, कारण त्यात डिटर्जंट जास्त असतो. त्यात तथ्य आहे. पण त्या तेलात राख करणारे घटकही जास्त असतात आणि तेल खाणाऱ्या इंजिनातून ते सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतात. डब्यावर डिझेलच्या ‘सी’ वर्गाबरोबर पेट्रोलचा ‘एस’ वर्गही छापलेला नसेल तर तो डबा घेऊ नये.

प्रत्यक्ष क्रम

माझा क्रम असा होता. पहिले तेल आणि नवा फिल्टर घालून १,००० किलोमीटर. ते सर्व काढून दुसरे तेल २,००० किलोमीटर. तिसरे ३,००० किलोमीटर. आणि त्यानंतर कायमचे ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल ते. पहिल्या फेरीला सेमी-सिंथेटिक पुरते, कारण ते लवकरच टाकायचे असते. पुढच्या फेऱ्यांना पूर्ण सिंथेटिक घ्यावे. प्रत्येक फेरीला फिल्टर नवाच. फिल्टर भरला की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता पुढे जाऊ लागते, म्हणजे सुटलेली घाण थेट बेअरिंगकडे जाते. येथे शंभर-दोनशे रुपये वाचवू नयेत.

ऑईल काढण्याआधी गाडी पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणावी, म्हणजे तळाला बसलेला मळ तेलात मिसळतो. मग दहा मिनिटे थांबावे. धातूला हात लावता येईल इतकी उष्णता उतरली पाहिजे. गाडी जॅकवर उचलली असेल तर घोडीवर (भार पेलणाऱ्या पक्क्या स्टँडवर) टेकवल्याशिवाय आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरू नये. ड्रेन बोल्टखाली घमेले ठेवून बोल्ट सैल करावा आणि शेवटचे दोन आटे हाताने, वरच्या बाजूला दाबून धरत सोडवावेत. असे केले की बोल्ट तेलात पडत नाही आणि मनगटावर धार येत नाही. भरण्याचे झाकण आणि डिपस्टिक वर काढून ठेवावी. धार थांबल्यावरही तेल आणखी पंधरा मिनिटे ठिबकू द्यावे. सर्वांत काळे तेल शेवटीच येते, आणि घाईचे काम करणारी बहुतेक ठिकाणे तेच आत सोडून देतात.

बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घालावा. जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण दोन रबरे एकावर एक बसली तर सारे तेल काही मिनिटांत रस्त्यावर जाते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लावावे, रबर टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि पुढे सुमारे पाऊण फेरा हातानेच आवळावा. तेल पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडे कमी ओतावे, इंजिन अर्धा मिनिट चालवावे, ऑईलचा दिवा विझल्याची खात्री करून बंद करावे आणि दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहत पाहत उरलेले भरावे. वरच्या खुणेच्या पुढे तेल भरू नये; क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही.

जुना फिल्टर फेकू नये, कापून पाहावा. या साऱ्या कामात माझ्या सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. फिल्टर कापण्याचे हत्यार नसेल तर हॅकसॉने पत्रा कापता येतो, फक्त करवतीचा कीस वेगळा ओळखावा लागतो. आतला कागद काढून पिळावा आणि त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर एकेक करून उलगडाव्यात. माझ्या पहिल्या फिल्टरच्या घड्यांत फोडणीत करपलेल्या मोहरीएवढे काळे कण होते. चिमटीत धरले की त्यांची पूड व्हायची, म्हणजे तो कार्बन होता. दुसऱ्या फिल्टरमध्ये ते मोजता येण्याइतके उरले आणि तिसऱ्यात नुसता काळा रंग होता. कण चुरडत नसतील आणि चकाकत असतील तर लोहचुंबक फिरवावे. चिकटले तर ते लोखंड आहे. न चिकटणारी तांबूस किंवा रुपेरी चकती दिसली तर बेअरिंगचा संशय धरावा आणि सफाई थांबवून आधी ऑईलचा दाब गेजवर मोजून घ्यावा.

पहिल्या दोन फेऱ्यांत डॅशबोर्डवरच्या ऑईलच्या दिव्याकडे सतत लक्ष हवे. तो दिवा दाब थोडा कमी झाल्यावर लागत नाही. दाब साधारण अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो, म्हणजे धोका घरात शिरल्यावर. गरम इंजिन मंद चालत असताना तो क्षणभर जरी लुकलुकला, तरी गाडी तेथेच बंद करावी. सुटलेला गाळ चेंबरमधल्या स्ट्रेनरच्या, म्हणजे पंप ज्यातून तेल ओढतो त्या गाळणीच्या जाळीवर बसला असण्याची शक्यता असते.

फ्लश, डिझेल आणि रॉकेल

याआधीच्या माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये इंजिनच्या ऑईलमध्ये अर्धा लिटर डिझेल मिसळून वीस मिनिटे रेस करत साफ केले होते. मी शेजारीच उभा होतो आणि मला ते पटलेही होते. तिसऱ्या दिवशी घाटात दिवा लागला, खालून ठकठक सुरू झाली, आणि चेंबर उघडल्यावर स्ट्रेनरची जाळी काळ्या चोथ्याने पूर्ण लिंपलेली निघाली. क्रँकची बेअरिंगे गेली होती. डिझेल किंवा रॉकेल गाळ सोडवते हे खरेच आहे. पण ते तेलाचा थरही पातळ करते, म्हणजे वंगण कमी असताना घाण एकदम सुटते, आणि नंतर थोडा अंश आत उरतोच. हे कोणीही करू नये.

डब्यातले तयार फ्लश त्यापेक्षा बरे असतात, पण ते ज्या इंजिनाला चालतात त्याला फारशी गरज नसते आणि ज्याला गरज असते त्याला ते चालत नाहीत. केवळ लाखेचा थर असलेल्या इंजिनात, लिहिलेल्या वेळेपुरते, रेस न करता आणि गाडी न चालवता ते वापरायला माझी हरकत नाही. जेथे खडे किंवा घट्ट गाळ दिसला आहे, तेथे चेंबर आणि टॅपेट कव्हर उतरवून घ्यावे, गाळ प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा, स्ट्रेनर धुवावा किंवा बदलावा, नवी गॅस्केटे बसवावीत आणि मग वर सांगितलेला क्रम सुरू करावा. एका दिवसाची मजुरी जाते, पण इंजिनाच्या कामाच्या तुलनेत ती काहीच नाही. हायड्रॉलिक टेन्शनरवर ताणलेली टायमिंग चेन असलेल्या गाड्यांत तर हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण त्या टेन्शनरला ताण ऑईलच्या दाबातूनच मिळतो.

पुन्हा साचू नये म्हणून

आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची पद्धत अजून आहे. माझ्या झेनमध्येही तो नव्हता. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन महामार्गावरही नीट तापत नाही आणि तेलातले पाणी कधीच उडत नाही. मग कितीही चांगले ऑईल घाला, साय पुन्हा धरते. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप पाहावा आणि थर्मोस्टॅट जागेवर बसवावा. तो बसवल्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या झाकणाखाली साय जवळजवळ दिसलीच नाही.

आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. पाण्याचा काटा वर आला म्हणजे तेल तापले असे नसते. तेलाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दारात उभी करून इंजिन चालू ठेवण्याने हे साधत नाही, उलट थंड इंजिनात पेट्रोल जास्त फवारले जाते आणि तेच तेलात उतरते. एअर फिल्टर वेळेवर बदलावा आणि मिसफायर होत असेल तर स्पार्क प्लगचे काम पुढे ढकलू नये, कारण न जळलेले पेट्रोल शेवटी चेंबरमध्येच जाते.

तिसऱ्या फेरीनंतर माझ्या वहीतला ऑईलच्या खपाचा आकडा हजार किलोमीटरला ६०० वरून २०० मिलिलिटरवर आला आणि तेथेच स्थिरावला. रॉकर शाफ्टवर आता तांबूस छटा आहे, खाली धातू दिसतो. राहिलेले २०० मिलिलिटर व्हॉल्व्ह सीलांमुळे जात असावेत, असे सकाळच्या धुरावरून वाटते, आणि ते काम येत्या दिवाळीनंतर करायचे आहे.

काढलेले तेल गटारात, झाडाच्या मुळाशी किंवा वाळवी मारण्यासाठी लाकडावर ओतू नये. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरावे आणि अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडे तेल पाठवणाऱ्या सेवा केंद्रात द्यावे. ऑईलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने दोन भोके पाडावीत आणि लेबल फाडावे, कारण असे अखंड डबे पुन्हा भरून नवे म्हणून विकले जातात. आपण स्वतः डबा घेतानाही झाकणाखालचे सील आणि छापलेली तारीख दुकानातच पाहून घ्यावी.